सड्यावरचा वाघ आणि आप्पांचा मेजर

२००१ च्या मे महिन्यात मी लष्करातून हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. आमची वाडी राजापूर तालुक्यात, सड्याच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या पठाराच्या, पायथ्याशी आहे. वर काळा कातळ, खाली काजू आणि आंब्याची कलमं, त्यांत विखुरलेली घरं. वाडीने पहिल्याच आठवड्यात मला 'सुभेदार' करून टाकलं. मी हवालदार आहे, असं सांगून पाहिलं. "सरकारनं नाय केलान तर आम्ही करतो," असं उत्तर आलं. प्रमोशन फुकटचं होतं. मी वाद घातला नाही.

सड्यावर बिबट्या होता. आमच्याकडे त्याला वाघच म्हणतात. दिवेलागणीनंतर तेही नाव घेत नाहीत, नुसतं 'जनावर' म्हणतात. मी भरती झालो त्याच्या आधीपासून सड्यावर वाघ आहेत. पूर्वी ते भेकरं आणि रानडुकरं खात. आता ह्याला कुत्री सोपी पडू लागली होती. सकाळी कोणाच्या तरी अंगणातून शीळ ऐकू यायची. कुत्रा यायचा नाही. शेजारी विचारायचा, "काय रे?" उत्तर एका शब्दाचं असे. "नेलान." मग दोघं आपापल्या कामाला लागत. महिन्याभरात त्या घरी नवं पिल्लू आलेलं असे.

मला हे पटेना. शत्रू रोज त्याच वाटेने येतो आणि आपण रोज त्याला शिधा पुरवतो, असा तो प्रकार होता. मी बंदोबस्त बसवला. घरामागची झाडी तोडायला लावली. मासळीचं धुवण आणि काटे पुरायला लावले. संध्याकाळी प्रत्येकाने आपलं कुत्रं घरात घ्यायचं, दार लावायचं. ह्याला मी 'स्टँड-टू' म्हणायचो. पोरं घरोघर जाऊन "स्टँड-टू, स्टँड-टू" ओरडत फिरायची आणि बायका पदराआड हसायच्या. पण काम झालं. पुढे बरेच महिने एकही कुत्रं गेलं नाही.

एकच माणूस ऐकायचा नाही. भिकाजी आप्पा. त्यांचं घर वाडीच्या टोकाला, सड्याच्या अगदी खाली. त्यांचा कुत्रा रात्रंदिवस मोकळा.

"आप्पा, निदान रात्री तरी आत घ्या."

"तो बांधून ऱ्हाणारा नाय."

"बांधू नका. आत घ्या म्हणतोय."

"तो काय तुझ्या पलटणीत हाय?"

खरं म्हणजे तो पलटणीतलाच होता. आप्पांचा मुलगा रमाकांत माझ्याच कंपनीत नाईक होता. एका रजेत त्याने राजापूरच्या एसटी स्टँडवरून हे पिल्लू उचलून आणलं आणि त्याचं नाव 'मेजर' ठेवलं. का, विचारलं तर म्हणाला, "जन्मात एकदा तरी मेजरला 'खाली बस' म्हणायचं होतं." रजा संपेपर्यंत तो त्याला दिवसभर हुकूम सोडत होता. मेजर एकही पाळत नव्हता. खऱ्या मेजरांसारखाच आहे, असं रमाकांत म्हणायचा.

१९९८ च्या हिवाळ्यात काश्मीरमध्ये पॅट्रोलवरून परतताना रमाकांत गेला. पेटीबरोबर एक साहेब वाडीत आले होते. त्यांनी आप्पांचा हात धरून सांगितलं की गोळी लागली आणि तो जागीच गेला, काही त्रास झाला नाही. अशा वेळी असंच सांगतात. मी पुढे रजेवर आलो तेव्हा आप्पांना भेटलो. तो माझ्याच सेक्शनमध्ये होता, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी विचारलं, "जेवलास काय?" दुसरं काही विचारलं नाही. पुढच्या वर्षांतही कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. विचारल्याशिवाय रिपोर्ट द्यायचा नाही, ही सवय होती. आप्पांची बायको पूर्वीच गेली होती. घरात ते आणि मेजर, एवढीच माणसं.

२००३ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. गुरुवार होता. राजापूरचा बाजार त्या दिवशी असतो. आप्पा दर गुरुवारी दुपारच्या गाडीने बाजाराला जात. त्या दिवशी त्यांना दम्याने धरलं होतं, म्हणून ते गेले नाहीत. पुढचं दार आतून लावून माजघरात बाजेवर पडले. मागचं दार मेजरसाठी उघडं ठेवलं. ते घरी आहेत हे कोणालाच माहीत नव्हतं.

दोनच्या सुमारास शेजारची सुलभा वहिनी परसात कपडे वाळत घालत होती. काजूंतून मेजर शेपूट पोटाखाली घालून धावत आला आणि आप्पांच्या मागच्या दारातून आत घुसला. त्याच्या मागोमाग वाघ घुसला. भर दिवसा. वहिनी ओरडली नाही. ती पळत गेली, दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली. आमच्याकडे कोणालाही विचारा, त्याने हेच केलं असतं. वाघ घरात कोंडायचा आणि वनखात्याला कळवायचं. बाई धीराची होती.

मी पोचलो तेव्हा अंगणात पन्नासेक माणसं होती. सरपंचांच्या घरून फोन गेला होता. वनखात्याची गाडी पिंजरा घेऊन दुसऱ्या गावी गेली होती, यायला संध्याकाळ होणार होती. लोकांत जत्रेसारखा उत्साह होता. आप्पांचा पुतण्या दिलीप मुंबईहून आलेला, हातात कोयता घेऊन दारासमोर उभा होता.

तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "आप्पा गाडीला दिसले नाय आज."

वहिनी मागच्या दाराकडे धावली.

मी फणसाला शिडी लावून छपरावर गेलो. चपला खाली काढल्या. माजघराच्या वर दोन कौलं सरकवली आणि आत पाहिलं. डोळ्यांना सवय व्हायला थोडा वेळ लागला. आप्पा बाजेवर कुशीवर होते, जागे. ते माझ्याकडेच बघत होते. त्यांनी एक बोट हळूच खाली केलं. बाजेखालून शेपटीचं टोक बाहेर आलं होतं. कोपऱ्यात भाताच्या कणगीमागे मेजरचे कान दिसत होते. एका खोलीत तिघं होते आणि कोणी हलत नव्हतं.

मी तळहात खाली दाबून दाखवला. पडून राहा. आप्पांनी पापण्या मिटल्या, उघडल्या. मेसेज मिळाला.

वाघ घाबरलेला होता. बाहेरून कुठलाही आवाज आला की शेपटी हलायची. घेरलेल्याला वाट ठेवली नाही तर तो अंगावर येतो, हे मला शिकवावं लागत नव्हतं. पण खरा घोर वेगळा होता. आप्पांना खोकला येत होता. ते तो दाबत होते. त्यांच्या बरगड्या हलताना मला वरून दिसत होत्या. दमेकरी माणूस संध्याकाळपर्यंत खोकला दाबून ठेवू शकत नाही.

मी खाली उतरलो. "सगळे मागे व्हा. चिऱ्याच्या खाणीपलीकडे. मागचं दार उघडायचंय."

कोणी हललं नाही. पलटणीत मी एवढं बोललो असतो तर तीस माणसं धावली असती. इथे माझी रँक मानाची होती, हुकमाची नव्हती.

दिलीप म्हणाला, "काका, आज सोडायचा नाय. दोन शेळ्या नेलान आमच्या."

"आप्पा आत आहेत."

"म्हणूनच तर. दार उघडून सगळेच आत घुसू."

"तू आधी वर चल."

"कशाला?"

"चल म्हणतो ना."

तो माझ्यामागून शिडी चढला. मी त्याला कौलांतून बघायला लावलं. तो बराच वेळ बघत राहिला. आप्पांनी त्याला ओळखलं आणि हात किंचित हलवला, जा म्हणून. दिलीप खाली उतरला. कोयता त्याने फणसाच्या बुंध्याशी ठेवला आणि एकेकाच्या दंडाला धरून माणसं मागे न्यायला लागला. शिव्याही दिल्या त्याने. त्याचा चुलता होता आत. अंगण रिकामं झालं.

कडी कोण काढणार, असा प्रश्न आला नाही. सुलभा वहिनी दाराशीच उभी होती. "भावोजी, लावलंय मी. काढतंय पण मीच."

मी परत छपरावर गेलो. हात वर केला. वहिनीने कडी काढली, आंबे काढायच्या घळाच्या काठीने दार आत लोटलं आणि गोठ्यात शिरून झापाचं दार ओढून घेतलं. माजघरात उजेडाचा पट्टा पडला. वाघाने मान वळवली. पण उठला नाही.

आम्ही वाट बघत राहिलो. आप्पांनी पंच्याचा बोळा तोंडात घातला होता. चेहरा जांभळा पडत चालला होता. मग खोकला आला. एक, आणि मागोमाग थांबेनासा.

वाघ बाजेखालून निघाला. कान मागे पडलेले, दात दिसत होते. आप्पांच्या पायांपासून तो हातभर अंतरावर होता. माझ्या हातात एक कौल होतं. ते मी उगारलं. तेवढ्यात कणगीमागून मेजर बाहेर आला.

लोक पुढे म्हणू लागले की कुत्र्याने धन्यासाठी जीव दिला. मी वरून बघत होतो, म्हणून सांगतो. मेजर शूर नव्हता. एसटीच्या हॉर्नला घाबरणारा कुत्रा तो. आप्पांना खोकल्याची उबळ आली की उठून त्यांच्या पायांशी जाऊन बसायचं, ही त्याची रोजची सवय होती. तो नेहमीसारखा निघाला. वाघाने त्याला मानेला धरलं आणि दारातून बाहेर गेला. मेजर एकदाच ओरडला. काजूंतून वर सड्याकडे जाताना दोघं दिसले, मग दिसेनासे झाले. माझ्या हातातलं कौल हातातच राहिलं.

मला काही वाटलं नाही. ही बढाई नाही. नोकरीत असं पुष्कळदा झालं होतं आणि पुढे ते अंगवळणी पडलं. मी कौलं जागेवर लावली, खाली उतरलो, आप्पांना उठवून बसवलं. वहिनीने चहा आणला. वनखात्याची माणसं आली. त्यांनी पंचनामा केला, परसात पिंजरा लावला. भले लोक होते, आप्पांची चौकशी करून गेले. वाघ त्या पिंजऱ्यात कधी आला नाही.

दिवेलागणीला गर्दी पांगली. आप्पा आणि मी ओटीवर बसलो होतो. रात्री सोबतीला राहायचं मी ठरवलं होतं.

आप्पा म्हणाले, "शंकर, कुत्रा जाताना दिसला तरी मला. पोराची नुसती पेटी दिसली."

मी कंदील पेटवला.

"जागीच गेला म्हणाले ते सायेब. खरं काय?"

त्यांनी आता विचारलं होतं. "नाही, आप्पा. जागीच नाही."

"मग?"

"दुपारी गोळी लागली. छातीत. हवामान खराब होतं, हेलिकॉप्टर येऊ शकलं नाही. अंधार पडेपर्यंत होता."

"एकटाच व्हता?"

"नाही. डोकं माझ्या मांडीवर होतं."

आप्पांनी समोरच्या तुळशीकडे पाहत विचारलं, "काय बोलला काय?"

"पाणी मागितलं."

"घातलंन कोणी?"

"मी घातलं. माझ्या बाटलीतलं."

मला वाटलं, सांगायला नको होतं. मग त्यांनी पंच्याने तोंड पुसलं.

"जागीच गेला म्हणाले, तवा मी धरून चाललो, कोरडाच गेला. तोंडात कोणाचं पाणी नाय. इतकी वरसं भाकर खाल्ली की त्याची आठवण यायची नि घास फिरायचा." थोडं थांबून ते म्हणाले, "वाडीतल्या माणसाचं पाणी लागलं त्येला."

त्रास झाला नाही असं सांगून आम्ही सगळ्यांनी त्यांच्यावर दया केली होती. ती दया त्यांना चार वर्षं जेवताना छळत होती. तेव्हा मात्र मला त्यांच्याकडे बघवेना. नोकरीत असं कधी झालं नव्हतं.

आप्पा उठले. आत जाऊन तांब्या घेऊन आले आणि घराला वळसा घालून मागच्या दाराशी गेले. मी कंदील घेऊन मागे गेलो. उंबऱ्याबाहेर मातीत रक्ताचा डाग होता. त्यांनी त्यावर हळूहळू पाणी ओतलं, तांब्या रिकामा होईपर्यंत.

"ह्येला कोण घालणार व्हता," ते म्हणाले.

आप्पांनी नंतर कुत्रा पाळला नाही. आणखी तीन पावसाळे त्यांनी काढले. चौथ्याच्या तोंडावर दम्याने उचल खाल्ली. दिलीप मुंबईहून निघाला होता, पण गाडी वेळेत पोचली नाही. मी उशाशी होतो. त्यांनी तोंड उघडलं, तेव्हा पाणी मी घातलं.