इंजिनाच्या सायकलवरची नर्सबाई

सत्तरच्या दशकात सात रस्ता चौकात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. समोरून रोज एक नर्सबाई फटफट आवाज करत जायच्या. साधी लेडीज सायकल, तिला बसवलेलं छोटं इंजिन आणि पांढऱ्या साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

एका दुपारी ती सायकल माझ्या दारातच बंद पडली. विणकरांच्या वस्तीत एक बाई बाळंतपणात अडली होती आणि नर्सबाई तिकडेच निघाल्या होत्या.

"मेकॅनिकला बोलावू का?" मी विचारलं.

"कशाला? इंजिन मीच बसवलंय की." त्यांनी पिशवीतून पाना काढला, प्लग खोलला आणि केसातल्या पिनेनं काजळी खरवडली. "माणसाला टाके घालते, दादा. मग नट आवळता येणार न्हाय व्हय?"

चार पायडल मारताच इंजिन सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना थांबवून विचारलं, "वेळेत पोचलात का?"

"चढावर परत बंद पडलं. मग पायडल मारतच गेले. पोरगी झाली, लई जोरात रडली!"

साडीवर आदल्या दिवशी पडलेला ग्रीसचा डाग तसाच होता. तेव्हापासून बाई समोरून जाताना मी हातातलं काम ठेवून उभा राहायचो.