मी निळे म्हणालो

रघूची गाडी संध्याकाळची होती. अण्णांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, त्याच्याबरोबर स्टेशनवर दिसायचं नव्हतं, म्हणून त्यांनी मला पाठवलं. रघू सोळा वर्षांचा, मी बारा. बंगळूरच्या सिटी स्टेशनवर उभा राहून मी त्याला मिरजेतलं माझं स्वतःचं घर कसं शोधायचं ते समजावत होतो. टांगा करू नकोस, टांगेवाले चौकशा करतात. दर्ग्याचा रस्ता धर. पिठाच्या गिरणीनंतरची दुसरी बोळ. दारात सोनचाफा आहे. आई दुपारीसुद्धा पुढच्या दाराला कडी लावत नाही.

"तिने विचारलं, वसंता का नाही आला, तर?"

"सांग, त्याला इकडे करमतं."

गाडी हलायच्या आधी त्याने खिडकीतून माझं मनगट धरलं. "खरं सांग वसंता. निळे होते?"

"हो," मी म्हणालो.

निळे नव्हते. ते हात तांबडे होते, आणि कोणाचे होते तेही मला ठाऊक होतं. ज्या खुनापायी रघूला घर सोडावं लागलं तो त्याने केलेला नव्हता. मिरजेच्या घरातल्या आणि बंगळूरच्या घरातल्या तुम्हा सगळ्यांना हे कळायला हवं, म्हणून लिहितो आहे. फार उशीर केला आहे, हे मला कोणी सांगायला नको.

आधी माझं पळून जाणं. धाकटा भाऊ मधू जन्मापासून दम्याचा. दुधावरची साय त्याची, रात्री आईच्या कुशीतली जागा त्याची. वडिलांचं ठरलेलं वाक्य होतं, "थोरल्याने समजून घ्यायचं असतं." मी बरीच वर्षं समजून घेतलं. मग एक दिवस माझा भोवरा मला न विचारता मधूच्या हातात दिला गेला, आणि मी दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीत बिनतिकीट चढलो. हुबळीपर्यंत जायचं, तोवर आई रडून हैराण होईल, मग परतायचं, असा बेत होता. हुबळीला मी झोपलेला होतो.

बंगळूरला उतरून तिथल्या शिवाजीनगरच्या बाजारात दोन दिवस काढल्यावर एका रंगाऱ्याच्या दारात बसून रडत होतो. तोंडातून "आई गं" निघालं आणि आतून भिमोजी अण्णा धावत आले. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपासून या मुलखात. मराठी घरापुरती, लिहिणंवाचणं सगळं कानडीत. त्यांनी बायकोला हाक मारली, "अक्का, बाहेर ये. हे पोर आपल्यासारखं बोलतं बघ." बायकोला सगळे अक्का म्हणत म्हणून तेही म्हणत.

अण्णांनी माझ्या वडिलांना कळवायला मलाच कार्ड लिहायला लावलं. उत्तर आलं तेही मीच वाचून दाखवलं, कारण त्या घरात देवनागरी कोणालाच वाचता येत नव्हती. "हट्टी आहे. हाताला काम लागलं तर सुधारेल. तुमची हरकत नसेल तर राहू द्या." मी ते जसंच्या तसं वाचलं. अक्का म्हणाल्या, "सरी, राहू दे." मी मात्र त्या कार्डात 'परत पाठवा' हे शब्द दोनदा शोधले.

अण्णांच्या मागच्या अंगणात रेशमाच्या लडी रंगवल्या जात. नीळ जुना कामगार मुनियप्पाकडे होती, आणि त्याच्या हाताखाली रघू शिकत होता. तांबडा गोपोजीकडे, पिवळा खुद्द अण्णांकडे. नियम कडक होता. ज्याचा हात निळीत त्याने दुसऱ्या हंड्याला शिवायचं नाही, नाहीतर लडीवर डाग पडतो. त्यामुळे नुसता हात बघून माणूस ओळखता येई. कोपरापर्यंत चढलेला रंग आठ-आठ दिवस नखांतून जात नसे. मी लडी वाळत घालायचो, माझे हात कोरे.

रघू माझ्याशी चांगला वागे. मला त्याचाच राग होता. त्याने मला आपली चादर दिली, सायकल शिकवली. पण जेवायला बसलो की अक्का म्हणत, "स्वल्प थांब रे, आधी रघूला वाढते, तो दमून आलाय." त्याला त्या 'मगा' म्हणत, कानडीत मुलाला म्हणतात तसं. मला वसंता. मधूला सोडून मी इतक्या लांब आलो होतो आणि इथेही माझ्या आधी कोणीतरी बसलेलंच होतं.

त्या दिवशीही मी असाच रुसलो होतो. भर दुपार होती. अण्णा आणि अक्का एका बारशाला गेलेले. बांबूवर टांगलेल्या ओल्या लडींच्या मागे भिंतीशी गारवा असे, तिथे मी आडवा पडलो होतो. मुनियप्पा आणि गोपोजीचा आवाज आला. गोपोजीला नीळ शिकायची होती, कारण निळीचा माणूस अण्णांच्या खालोखाल मानला जाई. मुनियप्पा हसला. "तुला नीळ? कालच्या पोराला शिकवीन, तुला नाही. तुझा हात जड आहे."

"पोराला शिकवशील?"

"पोराच्या हाताला बुद्धी आहे."

नंतर बोलणं थांबलं. लडींच्या फटीतून मला दोन तांबडे हात दिसले आणि लडी पिळायचा जाड दांडा. दांडा दोनदा खाली आला. मुनियप्पा निळीच्या रांजणावर पडला. तांबडे हात थोडा वेळ तसेच हवेत राहिले, मग फटीतून निघून गेले. मी तोंडात मूठ कोंबून पडून राहिलो.

बारशाहून परतलेल्या अण्णांनी मला तिथून ओढून काढलं तेव्हा मूठ अजून तोंडातच होती. त्यांनी मला देवघरात नेलं, दार लावलं.

"काय बघितलंस?"

"हात."

"तोंड?"

"नाही."

"कसले हात? रंग कुठला?"

अक्का दाराबाहेर रघूला हाका मारत होत्या. मगा, मगा, कुठे गेलास रे. आदल्या दिवशी रांजण नासवला म्हणून मुनियप्पाने रघूला सगळ्यांसमोर थोबाडीत मारली होती, आणि रघू ओरडला होता, "तुला बघून घेईन." हे अण्णांनाही आठवत होतं, मलाही. त्या हाका माझ्या कानात होत्या आणि मी म्हणालो, "निळे."

मी रघूचं नाव घेतलं नाही. पुढची कितीतरी वर्षं मी याच आधारावर झोपलो, की मी नाव घेतलंच नाही. पण मुनियप्पा मेल्यावर त्या अंगणात निळे हात एकाच माणसाचे उरले होते.

रघू कँटोन्मेंटात चोरून सिनेमाला गेला होता. आल्या आल्या भीतीपोटी म्हणाला, तळ्यावर लडी धुवायला गेलो होतो. लडी कोरड्या होत्या. तेवढ्या एका खोटेपणाने अण्णांचा धीर सुटला. रघूने शपथा घेतल्या. अण्णा म्हणाले, "तू केलंस की नाही ते मला नको सांगूस. तू मला जिवंत हवा आहेस." त्यांच्या सगळ्या नातेवाइकांची दारं पोलिसांनी ठोठावली असती. म्हैसूर राज्याबाहेरचं, कोणाला माहीत नसलेलं एकच घर त्यांना ठाऊक होतं. ते माझं. 'तुमचा आमच्याकडे आहे, आमचा तुमच्याकडे राहू द्या', एवढीच चिठ्ठी त्यांनी माझ्याकडून लिहून घेऊन रघूजवळ दिली.

पोलिसांना मी अण्णांनी पढवल्याप्रमाणे सांगितलं की मी झोपलो होतो. रघू पळालेला, भांडण सगळ्यांनी ऐकलेलं. त्यांना आणखी काही लागलं नाही.

महिनाभराने गोपोजी माझ्या शेजारी येऊन बसला. त्याने मला केळं सोलून दिलं. "तुला रंगाची पारख चांगली आहे हं," तो म्हणाला आणि माझ्या मानेवर हात ठेवला. त्या दिवसापासून मी त्याच्याकडे पाठ करून कधी बसलो नाही. पुढे तो काम सोडून कोलारकडे गेला आणि तिथेच वारला. तोवर मी निळीच्या रांजणावर बसलो होतो. रघूची चादर, रघूची सायकल आणि आता रघूच्या हातांचा रंग.

आणि मिरजेत रघूला काय मिळालं? आईची पत्रं येत. "रघू मधूला गणित शिकवतो. रघूने परसात वाफे केले. मधूला दम लागला की रात्रभर त्याच्या पाठीला शेक देतो. तू असताना असं कधी केलं नाहीस." आईच्या कुशीतल्या ज्या जागेसाठी मी घर सोडलं, तिच्या शेजारी आता तो झोपत होता. मी त्याला घालवलं होतं, आणि तो नेमका तिथेच जाऊन पोचला होता.

अण्णांनी त्याला पत्र लिहायला बंदी केली होती. त्यामुळे अक्कांना मुलाची खबर म्हणजे माझ्या आईचं पत्र, आणि ते वाचणारा मी. अक्का पदराला हात पुसून समोर येऊन बसत. "वाच." मी वाचे, "रघू बरा आहे." गणित गाळे, वाफे गाळे, पाठीला शेक गाळे. एका पत्रात आईने लिहिलं होतं, "रघू म्हणतो, अक्कांना सांगा, मी नाही. कशाबद्दल ते विचारलं तर बोलत नाही." मी ते पत्र घडी करून म्हणालो, "मधूला ताप आहे म्हणे."

साठचं दशक आलं. मी रात्रशाळा करून एका सरकारी कारखान्यात फिटर म्हणून लागलो. अण्णा गेले. जाताना घर माझ्या नावावर करून गेले, रघूला परत येता येणार नव्हतं म्हणून. मग अक्का अंथरुणाला खिळल्या. शेवटच्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "रघूने असं का केलं रे? मुनियप्पाने त्याला खांद्यावर घेऊन वाढवलं होतं." मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू नसतास तर आम्ही काय केलं असतं, मगा."

इतकी वर्षं ज्या शब्दाची वाट बघितली तो मिळाला होता. खरं सांगितलं असतं तर तो त्याच क्षणी परत गेला असता. मी तोंड मिटलं. पाच दिवसांनी त्या गेल्या, मुलाला खुनी समजून.

बाकीचं आयुष्य इतरांसारखं गेलं. जुनं घर विकलं, इंदिरानगरात फ्लॅट घेतला. नातवंडं कानडी आणि इंग्रजी बोलतात, लिफ्टमध्ये भेटणाऱ्यांना मी मराठी आहे हे सांगावं लागतं. मिरजेला आईच्या आणि वडिलांच्या अंत्यविधीला गेलो, दोन्ही वेळा तिथेच संसार थाटलेल्या रघूने सगळं केलेलं होतं. दोन्ही वेळा मी पाहुण्यासारखा दुसऱ्या दिवशी परतलो.

गेल्या पावसाळ्यानंतर मधूचा फोन आला, की रघू आता फार फिरत नाही. मी गेलो. त्याच्या खोलीत बसून सगळं सांगितलं. तांबडे हात, देवघर, पत्रं, अक्का. रघू खिडकीकडे बघत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "पहिला भाग मला माहीत होता. त्या अंगणात निळे हात माझे होते आणि मी तिथे नव्हतो. म्हणजे तू खोटं बोललास, हे मला गाडीतच कळलं."

"मग तू इथे कोणाला का नाही सांगितलंस?"

"कोणाला सांगू? तुझ्या आईला? ती मला रोज विचारायची, माझा वसंता कसा आहे रे, मनाने कसा आहे. मी सांगायचो, चांगला आहे. माझी सायकल पुसून ठेवायचा." तो खिडकीकडून माझ्याकडे वळला. "ती हे ऐकून झोपायची. आणि माझी आई?"

अक्का काय समजून गेल्या, ते मी नुकतंच सांगितलं होतं.  मग त्याने सुनेला हाक मारून माझ्यासाठी चहा सांगितला आणि म्हणाला, "लिही. माझ्या मुलांना वाचता येईल असं लिही. त्यांच्या आजीला, अक्कांना, माझ्याबद्दल काय वाटत होतं तेही लिही."

म्हणून लिहिलं. घर कशाला म्हणायचं, हे मला या वयात त्या खोलीत कळलं. माझं खोटं माहीत असलेला एक माणूस माझी आई असेपर्यंत तिच्यासमोर माझी बाजू राखत बसला होता, ते माझं घर होतं. मी त्यात राहिलो नाही. राहिला तो. चहाचा कप हातात घेऊन मी त्याच्याकडे बघत होतो, आणि माफी मागायला गेलेल्या मला त्याही क्षणी त्याचा हेवाच वाटला.