काकांचं लॉन आणि आठ वाजताचा ट्रक

आमच्या शेजारच्या काकांसारखा माणूस साऱ्या न्यू जर्सीत दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर त्या दोघांच्या मधलं घर घ्यायची माझी तयारी नाही. जन्मभर पुलांची डिझाइन्स करून काका रिटायर झाले आणि पुलांची सगळी काळजी घरापुढच्या हिरवळीच्या वाट्याला आली. गवत असायचं ते तीन इंच. साडेतीन झालं की ‘जंगल’, अडीच झालं की ‘टक्कल’. खात्रीसाठी खिशात स्टीलची पट्टी. एकदा आमच्याकडे जेवायला आले आणि बेल वाजवायच्या आधी आमच्याच लॉनमध्ये उकिडवे बसून मापं घेत राहिले. “तुझ्याकडे डँडेलियनचं तण फार झालंय,” हे त्यांनी माझ्या सासूबाईंदेखत सांगितलं. उवा झाल्याचं लोक ज्या आवाजात सांगतात, त्या आवाजात.

बर्फ वितळला की हिवाळाभर कुजलेली पानं आणि मोडक्या फांद्या काढायच्या, वाफ्यांच्या कडा कोरायच्या, याला इकडे स्प्रिंग क्लीनअप म्हणतात. सगळी गल्ली त्यासाठी माणसं बोलावते. काका स्वतः राबायचे. पण गेल्या वर्षी त्यांच्या हृदयात स्टेंट बसला आणि दूर बेलव्ह्यूला राहणाऱ्या लेकीनं फोनवर फर्मान काढलं, “बाबा, नो आर्ग्युमेंट! मी क्रू बुक केलाय. शनिवारी आठला येतील. तुम्ही फक्त चहा पीत बघायचं.”

शनिवारी सहालाच मला खरखर ऐकू आली. बघते तर काका माकडटोपी घालून रेकनं पानं ओढतायत. मी धावत गेले. “काका, आज ती माणसं येणार आहेत ना?”

“म्हणूनच तर!” काका धापा टाकत म्हणाले. “परकी माणसं यायची आणि अंगण असं? काय म्हणतील?”

डॉक्टरांचं नाव काढलं, लेकीला फोन करायची धमकी दिली. काही उपयोग झाला नाही. शेवटी त्यांना पायरीवर बसवून उरलेली पानं मीच ओढली आणि पिशव्यांत भरली. तेही “कोपरा राहिला, कोपरा!” हे ऐकत.

आठला ट्रक आला. क्रूचा प्रमुख रामिरो तिघांना घेऊन उतरला, त्यानं लॉन पाहिलं आणि फोनमधला पत्ता दोनदा तपासला. “सर, हू डिड दिस?” काकांनी निर्लज्जपणे माझ्याकडे बोट दाखवलं. रामिरोची अडचण वेगळीच होती. लेकीला कामाआधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो पाठवायचे होते. “नो बिफोर,” तो खिन्नपणे म्हणाला.

काका विचारात पडले. मग उठून त्यांनी पानांच्या पिशव्या सोडल्या आणि पानं पुन्हा लॉनवर पसरली. पण कशी? सगळीकडे सारख्या जाडीची. रामिरोनं मान हलवली, “सर, टू क्लीन,” आणि बुटानं चार लाथा मारून ती विस्कटली. फोटो निघाला. आमच्या दोन तासांचं काम हवेच्या झोताच्या ब्लोअरनी वीस मिनिटांत उडवलं. थोड्या वेळानं लेकीचा फोन आला, “बाबा, किती घाण करून ठेवली होती!” काकांनी तो अपमान आल्याच्या चहाबरोबर गिळला. रामिरोला आणि त्याच्या माणसांनाही तोच चहा मिळाला, सोबत तीन इंचांवर व्याख्यान.

या वर्षीचा हिवाळा काकांना जड गेला. यंदाच्या क्लीनअपच्या शनिवारी मी गेले, तेव्हा ते शाल पांघरून पोर्चमध्ये खुर्चीवर होते. पुढे सगळी पानंच पानं. “तसंच राहिलं गं या खेपेला,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

ट्रक घेऊन आलेल्या रामिरोला ते शब्द कळले नसतील, पण चेहरा त्यानं वाचला असावा. त्यानं सगळं लॉन साफ केलं, फक्त मेपलच्या झाडाखालचा छोटा तुकडा पानांसकट तसाच ठेवला. मग काकांना धरून सावकाश तिथे आणलं, खुर्ची मांडली आणि हातात रेक दिला. “दिस पार्ट, यू, सर.”

काका बसल्या बसल्या पानं ओढू लागले. एका वेळी चार-पाच, मध्ये दम खात. ब्लोअर बंद करून चौघं ट्रकपाशी उभे राहिले. घड्याळाकडे कुणी पाहिलं नाही.

“घाई नाही ना त्यांना?” काकांनी मला हळूच विचारलं.

“नाही काका,” मी म्हटलं. “कोपरा राहिलाय.”