न झालेल्या प्रॅक्टिकलची सही

संगमनेरच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवायचे. निदान तसा माझा समज होता. ज्या वर्षी कॉलेजला श्रेणी देणारी मूल्यांकन समिती येणार होती, त्या वर्षी मी नुसत्या फायली लावल्या. या बाईंचा, म्हणजे माझाच, रुबाब काय विचारता! गळ्यात समन्वयकाचं ओळखपत्र, काखेत गठ्ठा, आणि चालणं असं, की सगळं विद्यापीठ जणू यांच्याच खांद्यावर उभं आहे. आज आठवलं की आधी हसू येतं, मग दमायला होतं.

समितीसाठी प्रयोगशाळेला रंग द्यायला काढलेला, सूक्ष्मदर्शक खोक्यांत बंद. दोन महिने प्रॅक्टिकल नाही. पण रजिस्टरात आठ प्रॅक्टिकलं झालेली हवी होती, खाली मुलांच्या सह्यांसकट. तारखा मी घातल्या, त्याही वेगवेगळ्या पेनांनी. केवढी हुशारी! त्यातली एक रविवारची निघाली, ती गिरवून शनिवारची केली.

वर्गानं मुकाट सह्या केल्या. कोल्हारहून एसटीनं येणारी एक मुलगी मात्र पेन धरून बसून राहिली. तिला एम.एस्सी.ला जायचं होतं, आणि प्रवेश शेवटच्या वर्षाच्या मार्कांवर होता.

"मॅडम, खोडाचा छेद घ्यायला आमी शिकलोच न्हाई."

"अगं, समिती जाऊ दे. मग रोज घेऊ."

"नक्की ना? परीक्षेला त्येच येतं."

"माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

हे मी विचारलं, मी! तिनं सही केली.

समिती आली, जेवली, रजिस्टर चाळून खूश होऊन गेली. श्रेणी चांगली मिळाली, पेढे वाटले. मग अहवाल आले, संकेतस्थळावर फोटो चढवणं आलं. रोज 'उद्या' म्हणत मी कशीबशी दोन प्रॅक्टिकलं घेतली. परीक्षेत नेमका खोडाचा छेद आला. पातळ हवा तो काप तिचा इतका जाड निघाला की भिंगाखाली नुसता अंधार.

प्रवेशाच्या यादीत तिचं नाव लागलं नाही. गुणपत्रक घेऊन ती माझ्याकडे आली.

"प्राचार्यांकडे लेखी तक्रार दे. माझ्याविरुद्ध दे," मी म्हटलं. मोठेपणाची हौस अजून फिटली नव्हती.

"कशी देऊ, मॅडम? रजिस्टरात समदं झालंय. खाली माझीच सही हाय."

आवाजात राग नव्हता; असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, बस, चहा घे. तिची कोल्हारची गाडी सुटायला आली होती.