एका कुलपाची दुसरी चावी

माझ्या भावजयीचा, रेखाचा फोन आला तेव्हा मी चंद्रपूरच्या घरी पडदे धुवायला काढत होते. "ताई, ह्याइले पट्ट्यानं ओढलं वो..." एवढंच ती बोलली. वडशाच्या राईस मिलमध्ये फोरमन असलेला माझा धाकटा भाऊ सिद्धार्थ, धान वर नेणाऱ्या पट्ट्याखालच्या खड्ड्यात साफसफाईला उतरला होता आणि वरून कुणीतरी मशीन चालू केली. याला आता दीड महिना झाला. मुलांनो, तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, तिथे सेफ्टीचे नियम नव्हते का?" होते. तुमच्या मामाआजोबांनीच ते मिलमध्ये आणले होते.

आधी तो सिमेंट कारखान्यात होता. तिथे ठरलेलं मानकच होतं: मशीनमध्ये हात घालायचा तर मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावायचं आणि चावी हात घालणाऱ्याच्याच खिशात ठेवायची. चावी एकच. मिलमध्ये त्याने हे सुरू केलं तेव्हा हमाल हसले. तो आला की "तिजोरीवाले भाऊ आले रे!" अशी हाळी द्यायचे. तो चिडायचा नाही. "हाव, तिजोरीच हाय. तुहा हात ठेवला हाय तिच्यात," म्हणायचा. माणूस गोड मुळीच नव्हता. माझ्या घरी जेवायला आला तरी आधी स्वयंपाकघरातली वायर तपासून मला चार शब्द सुनावायचा.

एकदा तो ती चावी खिशात विसरून गडचिरोलीला दवाखान्यात गेला. ऐन हंगामात अर्धा दिवस मिल बंद राहिली. शेठजीने त्याला काही बोलून दाखवलं नाही. गुपचूप दुसरी चावी करून घेतली आणि ऑफिसातल्या खिळ्याला अडकवली. घराची एक चावी शेजारी ठेवतात ना, तितक्या सहजपणे! अपघाताच्या दुपारी धानाचे ट्रक दारात उभे होते, शेठजी घाईत होता...

शोकसभेत हाच शेठजी पांढऱ्या कपड्यांत उभा राहून म्हणाला, "सिद्धार्थभाऊ आमच्या मिलचा कणा होता." आदल्याच दिवशी त्याने कारखाना निरीक्षकांना सांगितलं होतं की फोरमन कुलूप न लावताच खाली उतरला, त्याचाच निष्काळजीपणा. म्हणजे भाऊ तर गेलाच, वर आयुष्यभर ज्यासाठी भांडला तेच त्याने मोडलं असं ठरणार होतं. सभा संपल्यावर शेठजीने मिलमध्ये लावायला फोटो मागितला. रेखा सगळ्यांसमोर म्हणाली, "निष्काळजी होते तं हार कायले घालून राह्यले, शेटजी?"

मग मागून मिलमधला कामगार किस्ना पुढे आला. मशीन त्यानेच चालू केली होती. तो माझ्याकडे बघून बोलला, "बाई, कुलूप होतं. मी म्हनलं, भाऊ खाली असतीन. शेटजीनं चावी देल्ली, म्हने, निंगाले असतीन कवाचेच, कर चालू."

शेठजी म्हणाला, "दुःखात माणूस काहीही बोलते."

किस्नाने दुसऱ्या दिवशी हेच निरीक्षकांसमोर सांगितलं. आता त्याला मिलमध्ये काम नाही. चौकशी सुरू आहे म्हणतात. किस्नाला मी अजून क्षमा केलेली नाही. खड्ड्यात वाकून एक हाक मारायला किती वेळ लागतो? पण त्याच्याशी मी बोलते. शेठजीशी बोलणार नाही.

सिद्धार्थचा फोटो रेखाच्या समोरच्या खोलीत आहे, बुद्धाच्या तसबिरीखाली. कपाळावर आठी, बघणाऱ्याची चूक काढायला निघाल्यासारखा. शेठजीचा माणूस तो न्यायला दोनदा येऊन गेला. दारातूनच त्याला फोटो दिसतो. रेखा म्हणते, "दुसरी चावी कोनं केली ते शेटजीले चौकशीवाल्या साहेबासमोर सांगू द्या, मंग न्या." मग ती त्याला पाणी देते. मी तिला बजावलंय, आता आला तर पाणीही देऊ नकोस. ती देईल.