जाळीच्या फाइलवरचं नाव

पडद्यावर माझं नाव होतं. माझं, वडिलांचं, आडनाव. पूर्ण.

बैठकीच्या खोलीत आठ माणसं. चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्याचे तीन साहेब टेबलाच्या पलीकडे बसलेले. त्यांच्यापुढे इंजिनाला धरून ठेवणारा एक लोखंडी ब्रॅकेट. तडकलेला. चाचणीच्या यंत्रावर तो तुटला होता. आम्ही संगणकावर केलेल्या गणिताप्रमाणे तो तुटायला नको होता.

आमच्या टीमचे प्रमुख राव सर उभे होते. हातात लाल ठिपका पाडणारा दिवा. तो ठिपका त्यांनी माझ्या नावावर आणला आणि तिथेच ठेवला. "हे मॉडेल ह्याने केलं," ते इंग्रजीत म्हणाले. मग माझ्याकडे वळून मराठीत, अगदी शांत आवाजात म्हणाले, "ह्या लोकांला सीट मेळते. बुद्धि कोण देणार?"

खोलीत मराठी कळणारे दोघंच. ते आणि मी.

कारखान्याच्या वयस्क साहेबांनी मला विचारलं, "एन्न सोल्रार?" काय म्हणतात ते?

मी हसलो. हे लिहिताना आजही कानशिलं तापतात. मी हसलो आणि मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सांगितलं, "पुढच्या वेळी नीट तपास, असं म्हणतात."

साहेबांनी मान हलवली. राव सरांनीही मान हलवली. माझ्या अपमानाचं भाषांतर मीच केलं, आणि गोड करून केलं. कोणी जबरदस्ती केली नव्हती.

मी परभणीचा. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर. त्यांना आम्ही दादा म्हणतो. आमच्या वस्तीतून इंजिनिअर झालेला मी पहिला, आणि नोकरीसाठी मद्रासला, म्हणजे आताच्या चेन्नईला गेलेलाही पहिला. ते दिवस दोन हजार सालानंतरचे. परदेशातल्या आणि इथल्या गाड्यांच्या कंपन्या त्यांचं किचकट काम चेन्नईतल्या ऑफिसांकडे पाठवायला लागल्या होत्या. मी शहराच्या कडेला तांबरमला खोली घेतली. रोज लोकल गाडीने ऑफिससाठी गिंडीला उतरायचो.

काम असं होतं. कारखान्याने संगणकावर काढलेला भाग आमच्याकडे यायचा. त्याच्यावर आम्ही बारीक चौकटींची जाळी चढवायची. मग त्या जाळीवर भार टाकून भाग कुठे तुटेल ते संगणक सांगायचा. पण त्यांचं सॉफ्टवेअर वेगळं, आमचं वेगळं. भाग आमच्याकडे उतरवला की तो उसवून यायचा. शिवण सुटलेल्या सदऱ्यासारखा. कुठे दोन पृष्ठभागांत फट, कुठे एखादा पृष्ठभागच गायब, कुठे एकावर एक दोन. जाळी चढवायच्या आधी ते सगळं जोडून घ्यायचं. दिवस दिवस तेच. लोक कंटाळायचे. मला आवडायचं. लहानपणी दादांच्या वर्कशॉपमध्ये बसच्या सांगाड्याखाली बसून मी जोड बघत मोठा झालो होतो. कुठे जोड आहे आणि कुठे नाही, हे माझ्या डोळ्याला आपोआप दिसायचं.

राव सरांनी पहिल्याच आठवड्यात मला फोनवर घरी बोलताना ऐकलं. जवळ येऊन म्हणाले, "तुम्ही मराठी कां? अम्हीं तंजावूरचे." त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला गेलेले. त्यांची मराठी मला जुन्या पोथीसारखी वाटायची, वर तमिळचा हेल. सकाळी माझ्या खुर्चीमागे उभे राहून विचारायचे, "काय करूंलालास?" म्हणजे काय करतोयस. एवढ्या तमिळमध्ये ते दोन शब्द कानावर पडले की मला माहेरी आल्यासारखं व्हायचं. पुरुषाने असं म्हणू नये म्हणतात. पण तसंच व्हायचं.

एका रविवारी त्यांनी घरी जेवायला नेलं. त्यांच्या आईने केळीच्या पानावर वाढलं. "लाजूं नको रे, आणखीन भात घे," म्हणाल्या. मग विचारलं, "तुमचं घराणं कोणतं?" माझं आडनाव गावावरून पडलेलं. त्यावरून काही कळत नाही. मी गावाचं नाव सांगितलं, नदीचं सांगितलं, एसटी वर्कशॉपचं सांगितलं. तेवढं एक सोडून सगळं सांगितलं. त्यांनी स्वतःच काहीतरी ठरवून घेतलं आणि मी ते ठरवू दिलं. पानावरचा गोड आंबट रस्सम मी तीनदा मागून घेतला. ही माझी पहिली लाज. ती त्यांनी मला दिलेली नव्हती. ती मी परभणीहून बरोबर आणली होती.

पुढे कंपनीला काही जणांना परदेशी पाठवायचं होतं. सगळ्यांची कागदपत्रं राव सरांकडे गोळा झाली. माझ्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या कागदावर प्रवर्गाचा रकाना होता. त्यात दोन अक्षरं होती. त्यांनी फाइल चाळली, बंद केली, आणि माझ्या हातात न देता टेबलावर ठेवली. मी उचलून घेतली.

त्या दिवसापासून त्यांची मराठी बंद झाली. माझ्याशी फक्त इंग्रजी. परदेशी जाणाऱ्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं. खुर्चीमागे येऊन उभं राहणं संपलं. आणि आणखी एक गोष्ट झाली.

प्रत्येक जाळीच्या फाइलच्या सुरुवातीला काही ओळी असतात. त्यांच्यापुढे एक खूण टाकलेली असते, म्हणून संगणक त्या ओळी वाचत नाही. त्या माणसांसाठी असतात. भागाचं नाव, चौकटीचा आकार, आणि 'तयार करणारा'. आमच्याकडे ज्याने जाळी केली त्याने तिथे आपलं नाव घालायचं, अशी पद्धत होती. राव सर मला म्हणाले, "तुझ्या फाइलवर माझं नाव घाल. ग्राहकाला अनुभवी नाव लागतं." बाकीच्यांना असं सांगितलं नव्हतं. मी कारण विचारलं नाही. माझंच नाव मीच पुसायचो, त्यांचं लिहायचो, फाइल साठवायचो. वर्षभर.

मग तो ब्रॅकेट आला. फार उसवून आला. फटी हाताने जोडायला चार दिवस लागले असते आणि हातात एक होता. सॉफ्टवेअरला एक आकडा द्यायचा असतो. त्या आकड्यापेक्षा लहान फट दिसली की ते दोन कडा आपोआप जोडून टाकतं. आम्ही तो आकडा फार लहान ठेवायचो. राव सरांनी त्यांच्या मशीनवर भाग उतरवला आणि आकडा ठेवला एक मिलिमीटर. तासाभरात सगळ्या फटी बंद. मग फाइल माझ्याकडे आली. जाळी चढवायला.

जाळी चढवताना मला दिसलं. ब्रॅकेटच्या पाठीला एक उभी पट्टी होती. खालच्या टोकाला ती तळाच्या पाटीपर्यंत पोचतच नव्हती. मूळ चित्रात अर्ध्या मिलिमीटरची फट होती. मुद्दाम ठेवलेली. तिथे वेल्डिंगचा हात पोचत नाही, हे मी बघताक्षणी ओळखलं. पण आता आमच्या मॉडेलमध्ये ती फट मिटली होती. पट्टी पाटीला जोडली गेली होती. खऱ्या लोखंडात नसलेला आधार आमच्या संगणकात होता.

मी तपासणीच्या कागदावर तसं लिहिलं. राव सरांनी वाचलं आणि इंग्रजीत म्हणाले, "अर्ध्या मिलिमीटरने काय होतं? काढ ती ओळ."

मी काढली.

ही दुसरी लाज, आणि ही सगळ्यांत मोठी. अपमान सोसल्याची लाज वेगळी. ती रात्र सरली की थोडी कमी होते. पण मला माहीत होतं. मला दिसलं होतं. वर्कशॉपमध्ये दादांनी जे शिकवलं ते मी एका बोटाच्या दाबाने पुसलं, कारण मला भीती वाटत होती की अजून काहीतरी काढून घेतील. काढून घ्यायला उरलं काय होतं, हेही मी स्वतःला विचारलं नाही.

ब्रॅकेट तिथेच तडकला. पट्टीच्या खालच्या टोकापाशी.

आणि बैठकीच्या सकाळी कोणीतरी फाइल उघडून 'तयार करणारा' या ओळीतलं राव सरांचं नाव काढलं आणि माझं घातलं. वर्षभर ज्या नावाची अडचण होत होती ते आता पूर्ण हवं होतं. वडिलांच्या नावासकट. मला हे पडद्यावर दिसलं तेव्हाच कळलं. बंद केलेली मराठी त्यांनी त्या एका अपमानापुरती काढली. तरी मी हसलो.

त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. रविवारी सकाळी तांबरमच्या बूथवरून दादांना फोन केला. नोकरी, तब्येत, पाऊसपाणी झालं. मग मी त्यांना ब्रॅकेटचं सांगितलं. सीट आणि बुद्धीचं नाही सांगितलं. ते सांगायची हिंमत झाली नाही.

दादांनी एकच विचारलं, "तुला दिसलं व्हतं का?"

मी म्हणालो, "होतं."

बूथचं मीटर पळत होतं. मग ते म्हणाले, "आमच्याइथं ज्यानं जोड मारला त्यानं बाजूला आपला नंबर ठोकायचा. छिन्नीनं. मी कधी दुसऱ्याच्या जोडावर माझा नंबर ठोकला न्हाई. आन् माझ्या जोडावर दुसऱ्याला ठोकू दिला न्हाई. साहेबानं सांगितलं तरी न्हाई. दोनदा सस्पेंड झालो, तुला ठावं न्हाई."

मला खरंच ठाऊक नव्हतं. लहानपणी दोनदा दादा महिना महिना घरी होते, एवढंच आठवत होतं. आई म्हणायची, त्यांची पाठ दुखते.

फोन ठेवला. बूथवाल्याने सुट्टे परत दिले ते मी न मोजता खिशात टाकले. स्टेशनाच्या पुलावर उभा राहिलो आणि रडलो. उन्हात, लोकांच्या येण्याजाण्यात. कोणी बघितलं असेल तर असेल.

महिन्याभराने त्याच कारखान्याचा दुसरा भाग आला. गाडीच्या सीटखालचा. तोही उसवलेला. राव सर म्हणाले, "एक मिलिमीटर ठेव."

मी म्हणालो, "नाही ठेवणार."

एवढंच. आवाज चढला नाही. राव सर म्हणाले, "मग तूच बस शनिवार-रविवार."

मी बसलो. एकेक फट हाताने जोडली. दोन ठिकाणी खरी फट होती, ती तशीच ठेवली. फाइलच्या सुरुवातीला सगळं लिहिलं. किती आकडा ठेवला, कुठली फट खरी, कुठली उतरवताना पडलेली. 'तयार करणारा' पुढे माझं पूर्ण नाव. मग जुनी ब्रॅकेटची फाइल उघडली. सॉफ्टवेअर स्वतःच एक नोंद ठेवत असतं, कोणत्या मशीनवरून कोणती आज्ञा दिली त्याची. ती नोंद कोणाला पुसायचं सुचलं नव्हतं. मी तिची छापील प्रत काढली. घडी घालून खिशात ठेवली.

बैठक त्याच खोलीत. तेच तीन साहेब. पडद्यावर पहिली ओळ आली आणि राव सरांनी माझं नाव वाचलं. ते माझ्याकडे बघून, तेवढ्याच शांतपणे, मराठीत म्हणाले, "नांव घालण्यासारखं काय आहे ह्यांचं?"

वयस्क साहेबांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं. "एन्न सोल्रार?"

मी उभा राहिलो. तमिळमध्ये सांगितलं, "ते विचारतात, नाव घालण्यासारखं ह्यांचं काय आहे. ह्यांचं म्हणजे माझ्या जातीच्या लोकांचं." तमिळ चुकत असेल म्हणून इंग्रजीत पुन्हा सांगितलं. मग म्हणालो, "मागच्या बैठकीत मी तुम्हाला खोटं सांगितलं. नीट तपास, असं ते म्हणाले नव्हते. ते म्हणाले होते, ह्या लोकांना सीट मिळते, बुद्धी कोण देणार." आणि घडी उघडून ती नोंद त्यांच्यापुढे ठेवली. "ब्रॅकेट कोणत्या मशीनवर जोडला ते ह्यात आहे. पण फट मला दिसली होती. लिहिलेली ओळ मी काढली. ती चूक माझी आहे."

राव सर तमिळमध्ये म्हणाले, गैरसमज झाला, ह्याची मराठी वेगळी, माझी वेगळी. वयस्क साहेबांनी कागदावरची ओळ बोटाने दाखवली आणि विचारलं, "हे मशीन कोणाचं?"

सिनेमात इथे टाळ्या पडतात. दर सहा महिन्यांनी वाढणारं माझं कंत्राट त्या वेळी वाढलं नाही. राव सरांची बढती थोडी लांबली, मग झाली. तांबरमची खोली मी सोडली नाही. चेन्नईच्याच आवडी या उपनगरात एका छोट्या ऑफिसात कमी पगारावर लागलो. पहिल्याच दिवशी तिथल्या बाईंनी विचारलं, कुठल्या समाजाचे. मी जात सांगितली. आवाज थोडा चिरका निघाला, पण सांगितली.

लाज गेली असं म्हणणार नाही. त्या ब्रॅकेटची काढून टाकलेली ओळ आजही डोळ्यांपुढे येते, आणि ते हसूही. ती दोन्ही मी विसरणार नाही, विसरायची नाहीत. फाइल माझी असेल तर पहिल्या ओळीत माझं नाव असेल, वडिलांच्या नावासकट. दिसलेली फट मी लिहीन. साहेबाने काढ म्हटलं तर माझी खुर्ची काढा म्हणेन, ओळ नाही. आणि माझ्या भाषेत कोणी माझा अपमान केला आणि शेजारच्याने विचारलं, काय म्हणाला, तर मी सांगेन. शब्दाला शब्द. न हसता.