मशीनची बोहणी

चंदनी उदबत्तीचा वास आला की परभणीच्या त्या मोठ्या दुकानातली सकाळ आठवते. पालमला जन्मभर किराणा दुकान चालवलेले बाबा सोबत होते. दुकान नुकतंच उघडलेलं, आम्हीच पहिलं गिऱ्हाईक, आणि गल्ल्यावर माणसाऐवजी मशीन. "आपणच वस्तू दाखवायची, आपणच पैसे भरायचे," मी म्हणाले. "अन् कुणीच बघंना?" बाबा थक्क झाले. "एवढा भरवसा गिऱ्हाइकावर!" उदबत्तीचा पुडा त्यांनी दोन्ही हातांनी काचेसमोर धरला. टिंग वाजलं, पडदा उजळला, मी मोबाईलवरून पैसे दिले, पावती सरसरत बाहेर आली. "पयली बोहनी हाय. मालक हितं न्हाई, तर आपुनच लावावी," म्हणत त्यांनी ती पावती कपाळाला लावली, मग मशीनलाही टेकवली. त्या दुकानाचा मालक मी आजवर पाहिला नाही. त्याची बोहणी मात्र पाहिली.